मामांनी हुकूम सोडला

आमचे मामा बाइंडर. चर्चच्या फाटक्या प्रार्थनापुस्तकांना नवे पुठ्ठे चढवायचे, आणि रविवारी पहिल्या मिस्साला न चुकता हजर. पण बुधवारी दुपारी दुकानाला आतून कडी घालून ते माळ्यावर जात, खडूनं जमिनीवर वर्तुळ काढत, जुन्या चादरीचा पांढरा झगा अंगात घालून मधोमध उभे राहत आणि चार दिशांच्या चार देवदूतांना हाका मारत. तरुणपणी बांधणीला आलेलं एक जुनं पुस्तक कुणी परत न्यायला आलंच नाही. हा विधी त्यातला.

"आटपा आता, जेवण गार झालं!" मामी जिन्यातून ओरडायची. देवदूतांशी तिचं वाकडं नव्हतं. फरशी मात्र तिलाच पुसावी लागे.

मामांना दोन्हीकडे देवच दिसायचा. पण पुस्तकातली प्रत्येक हाक 'मी तुला आज्ञा देतो' अशी सुरू होई. रविवारी गुडघे टेकायचे आणि बुधवारी हुकूम सोडायचे, हे त्यांना खुपू लागलं. शेवटी पापनिवेदनात त्यांनी फादरना सगळं सांगून टाकलं.

"हे पाप म्हणून सांगताय, की परवानगी मागताय?" फादरनी विचारलं.

"तेच कळेनासं झालंय, फादर."

"मग कळेल तेव्हा या. तोवर मला क्षमा देता येणार नाही."

क्षमेशिवाय ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, म्हणून त्यानंतर कित्येक रविवार मामा प्रसादाच्या रांगेसाठी मागच्या बाकावरून उठलेच नाहीत.

त्यातच मामीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ती पट्टी बांधून दवाखान्यात पडलेली, आणि मामा वर्तुळात उभे. आज्ञा द्यायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. खिडकीतून ऊन आत सरकत होतं. सरसाचा वास दाटला होता. कागदाची धूळ सोनेरी होऊन सावकाश वर चढत होती. आपण गुडघ्यांवर केव्हा आलो, हे मामांनाच कळलं नाही.

"जमलं तर तिच्याजवळ जा," एवढंच ते पुटपुटले.

खोलीत कुणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं. मग नुसती शांतता, खोल पाण्यासारखी. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत ते तसेच होते.

मामीचा एक डोळा सुधारला, दुसरा नाही. "अर्धवट काम केलं तुमच्या देवदूतानं," ती हसत म्हणाली.

मामा पुन्हा फादरकडे गेले. "हुकूम देणं हे पाप होतं. ते सोडलं. पुस्तकही बंद केलं. बुधवारी वर जातो, पण नुसता प्रार्थनेला बसतो."

"आणि कुणी आलं नाही तर?"

"तरी बसतो."

पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे फादरचा हात वर झाला. क्षमेचे शब्द मामांनी डोळे मिटून ऐकले, आणि त्या रविवारी मामीचा हात धरून ते प्रसादाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे राहिले.