बाबांची शुगर रोज दुपारी पडते

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण मी नाही सांगितलं तर आई सांगेल, आणि आई सांगते तेव्हा त्यात मी आहे त्याच्या दुप्पट येडा, बैताड असतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा बिनसाखरेचा आहे. चालवून घ्या.

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं, ते सोडा. त्या दिवसापासून बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जे काय बोलायचं ते आईमार्फत. मी समोर बसलेला असायचो आणि बाबा आईला म्हणायचे, "त्याले सांग, पंखा बंद कर म्हणा." मग आई मला सांगणार, "पंखा बंद कर." पाटबंधारे खात्यात जन्मभर फायली खालून वर पाठवलेला माणूस! घरातसुद्धा योग्य त्या टेबलावरूनच बोलणार ना!

बाबांना शुगर आहे. नागपुरात कोणाला नाही? आणि एकाला शुगर निघाली की सल्ला द्यायला अख्खं गाव लोटतं. काटोलची आत्या जांभळाच्या बियांची पावडर पाठवते. शेजारचे काका सकाळी सकाळी भिजवलेल्या मेथीचं पाणी घेऊन दारात उभे. या दोघांची स्वतःची शुगर बाबांच्या वर आहे, पण हे बोलायची सोय नाही. मोठ्यांना बोलू नये म्हणतात. मोठ्यांनी काहीही बोलावं!

आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर. हनुमाननगरातला दवाखाना, माझ्या जन्माआधीपासूनचं तेच टेबल, तेच प्रश्न. भूक लागते का? झोप येते का? पोट साफ होतं का? कान दुखला तरी हेच तीन! मला वाटायचं, हा डॉक्टर आहे की लग्नाला आलेला पाहुणा?

इकडे जग कुठे पोचलंय! दंडावर नाण्याएवढा एक सेन्सर चिकटवायचा, तो दर काही मिनिटांनी शुगर थेट मोबाइलवर पाठवतो. मी विज्ञानाचे व्हिडिओ पाहतो, मला सगळं माहीत असतं. संध्याकाळी मित्राच्या मोबाइलच्या दुकानात बसतो, त्या कमाईतून सेन्सर आणला. आईमार्फत परवानगी मागितली. आईमार्फत मिळाली.

"लावू दे म्हणा. नाहीतरी दुसरं काय करून राहिला तो!"

डाव्या दंडावर लावला. उजवा हात कामाचा, त्याला धक्का लागेल. बघा, किती बारीक विचार केला होता मी!

पहिल्याच दुपारी जेवणं झाली, कूलर घरघरू लागला, बाबा आडवे झाले, आणि थोड्या वेळानं माझा मोबाइल बोंबलला. शुगर सत्तर. मग पासष्ट. मग अठ्ठावन्न!

हसू नका. आमचे मोठे काका झोपेतच गेले. शुगर पडली आणि कोणाला कळलंच नाही, असं घरात अजून म्हणतात. तो आकडा पाहिला आणि मे महिन्याच्या नागपुरात माझे हातपाय गार पडले. फ्रीजमध्ये पाहुण्यांसाठी ठेवलेली संत्रा बर्फी होती. डबा उचलून धावलो.

"बाबा! उठा! पडली!"

बाबा ताडकन उठून बसले आणि दारात धावत आलेल्या आईला म्हणाले, "कोण पडलं?"

"शुगर पडली तुमची! आ करा!"

"अरे पण..."

'अरे'साठी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात अख्खी वडी आत!

आणि काय सांगू, पंधरा-वीस मिनिटांत मोबाइलवरची रेघ सरसर वर! सत्तर, नव्वद, एकशे वीस! आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसून राहिली होती. मी घाम पुसत होतो. बाबा बोटं चाटत होते.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्याही. जेवण, कूलर, झोप, बोंब, बर्फी! तुम्ही म्हणाल, घरात बोटाला सुई टोचून शुगर पाहायचं मशीन नव्हतं का? होतं की. कपाटात. पण ते जुनं तंत्रज्ञान! विमान दारात उभं असताना सायकल कोण काढतं?

आत्याचा फोन आला. "पोट्ट्यानं बापाले वाचवलं म्हणते!" हीच आत्या मागच्या दिवाळीत मला भरल्या पंगतीत 'वाया गेला' म्हणाली होती. मी फोन स्पीकरवर टाकला. बाबांनाही ऐकू जाऊ दे ना!

आणि मग एक दिवस बर्फी चघळता चघळता बाबांनी विचारलं, "कितीवर आली गा आता?"

मी इकडेतिकडे पाहिलं. आई खोलीत नव्हती. म्हणजे हे मला विचारलं होतं! थेट!

"एकशे दहा," मी म्हणालो.

"ह्याले आतलं कसं समजते गा?"

मग मी समजावत बसलो. कातडीखाली बारीक तार असते, ती आतल्या पाण्यातली साखर मोजते. बाबांनी दोन-तीन चांगले प्रश्न विचारले. एवढे चांगले प्रश्न मला कॉलेजात कोणी विचारले असते तर... असो. त्यानंतर मी बोंब व्हायची वाटच पाहत नव्हतो. जेवण झालं की डबा घेऊन पलंगापाशी खुर्ची टाकून बसायचो.

आता रोज शुगर पडते, याचा अर्थ काय? अर्थ एकच. डॉक्टरांची गोळी जास्त होतेय! आमचा तीन प्रश्नवाला डॉक्टर माझ्या बापाच्या जिवावर उठलाय!

"डॉक्टर बदला," मी म्हणालो.

"आधी त्याईले विचारू," बाबा म्हणाले. "आणि तिथं आवाज चढवला तर मी उठून घरी येईन, सांगून ठेवतो."

जेवून भरदुपारी गेलो. मी मोबाइलवरचे सगळे आलेख टेबलावर मांडले आणि आवाज न चढवता, म्हणजे माझ्या मानानं न चढवता, बोललो. "रोज दुपारी पडते. तुमची गोळी जास्त होऊन राहिली. काही झालं तर जबाबदार कोण?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. आलेख पाहिले. म्हटलं, आता विचारतो पोट साफ होतं का!

"झोपता कसे तुम्ही?" त्यांनी बाबांना विचारलं.

"डाव्या कुशीवर," बाबा अभिमानानं म्हणाले. "जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं. आमच्या वडिलांपासून आहे तसं."

"मग पडा तिथं."

तपासायच्या टेबलावर बाबा डाव्या कुशीवर झाले आणि, काय माणूस आहे बघा, घोरायलाही लागले! डॉक्टर पुढचा पेशंट पाहू लागले. बाहेर बाकावर बसलेली माणसं पडद्याआडून येणारं घोरणं ऐकत होती.

आणि मोबाइल बोंबलला. एकसष्ट! मी डबा उघडून टेबलाकडे झेपावलो.

"हात नको लावू!" डॉक्टर ओरडले. हा माणूस ओरडू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मरतील ते!"

"मी बसलो आहे ना इथं? थांब."

त्यांनी झोपलेल्या बाबांच्या बोटाला सुई टोचली. जुनं तंत्रज्ञान! एकशे शहाऐंशी.

मी मोबाइलकडे पाहिलं. अठ्ठावन्न. मशीनकडे पाहिलं. एकशे शहाऐंशी.

"माणूस तोच आहे," डॉक्टर म्हणाले. "दंडावर वजन पडलं की तारेपाशी पाणी फिरत नाही, मग ते कमी दाखवते. उठले की बरोबर दाखवते. बर्फी दिली काय आणि नाही दिली काय."

"पण रेघ वर जायची..."

"ते उठून बसायचे म्हणून. नंतर बर्फीनं आणखी वर जायची. तिकडे नाही पाहिलं?"

नव्हतं पाहिलं. वाचलेला बाप पाहत होतो ना!

म्हणजे आठवडाभर मी शुगरच्या पेशंटला, ठणठणीत असताना, गाढ झोपेतून उठवून मिठाई कोंबत होतो. गोळी जास्त होत नव्हती. जास्त होत होतो तो मी! आणि मोठ्या काकांसारखं होऊ नये म्हणून हे सगळं करत होतो.

बाबा उठून बसले होते. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "शुगर खरंच पडली की घाम येतो, थरथर होते. तुमाले काय होत होतं?"

बाबा छताकडे पाहून म्हणाले, "काहीच नाही."

"मग सांगितलं काहून नाही?"

"डॉक्टरसाहेब, पोरगा रोज दुपारी धावत येते. जवळ बसते. बोलते. वरून बर्फी चारते." बाबांनी खांदे उडवले. "नाही कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी डब्याचं झाकण लावत बसलो. ते काही केल्या लागेना.

डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, सेन्सर काढू दिला नाही, फक्त पुढचा उजव्या दंडावर लावायला सांगितला. आणि कागदावर न लिहिता मला दम भरला, "आता ही वाढवलेली शुगर तूच उतरव. रोज पहाटे ह्यांच्यासोबत चालायचं. बोलत बोलत."

त्यात काय एवढं? व्यायामानं शुगर कशी उतरते याचे व्हिडिओ मी पाहिलेच होते. पहिल्याच पहाटे मी बाबांना स्नायू साखर कशी ओढून घेतात ते समजावत निघालो. रेशीमबागेच्या मैदानाचा अर्धा फेरा होईस्तोवर माझं समजावणं थांबलं, फेरा संपेस्तोवर श्वास. मी मैदानाच्या कठड्यावर कोसळलो. बाबा हात हलवत पुढे निघून गेले, आणखी एक फेरा मारून परत आले आणि माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहू लागले.

"घाम येऊन राहिला," ते म्हणाले. "थरथर आहे. ही खरी आहे गा! बस, मी बर्फी आणतो."