अम्मी चपलांपाशी बसलीय

मी तिसऱ्यांदा मुलं मोजली. एकतीसच. सकाळी हजेरी बत्तिसांची घेतली होती.

राजारामपुरीतल्या त्या बालवाडीत माझा तिसरा दिवस होता. बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सला शेवटचा महिना शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवावं लागतं, त्याला प्रॅक्टिस टीचिंग म्हणतात. मी टाचण, म्हणजे कुठल्या मिनिटाला काय शिकवायचं त्याचा कागद, सुवाच्य अक्षरात लिहून नेलं होतं. शिवाय हातात घालून नाचवायचं कापडी माकड. पहिल्याच दिवशी माकडाचा कान तुटला आणि अर्धा वर्ग रडायला लागला. दुसऱ्या दिवशी टाचण पिशवीतच राहिलं. घरी येऊन आईला म्हणाले, "मला हे जमायचं नाही." तिनं ताट वाढलं. मला जेवण गेलं नाही.

रडणाऱ्यांत शिफा पहिली. चार वर्षांची. तिची अम्मी शिवणाच्या कारखान्यात जायची. पोरीला सोडायची आणि तिचं लक्ष नाही बघून पळायची. मग शिफा दाराची कडी धरून उभी. हात लावला की चावायची.

तिसऱ्या दिवशी माझा पाठ बघायला कोर्सच्या मॅडम आल्या होत्या. निरीक्षण वही मांडीवर उघडी, आणि शिफाचा आवाज टिपेला. मी तिच्यापाशी वाकले.

"रडू नको. अम्मी बाहेरच बसलीय, चपलांपाशी."

शिफा गप्प झाली. फ्रॉकनं नाक पुसून जागेवर जाऊन बसली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी फळांचा पाठ घेतला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. पाठ संपला, मॅडम गेल्या, डब्याची सुट्टी झाली. तेव्हा मी मुलं मोजली.

वर्गाच्या पाटील टीचरना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तिला काय सांगितलंवतंस?"

मी सांगितलं. त्या धावतच बाहेर गेल्या. चपलांपाशी कोणी नव्हतं. पाणी भरायला गेलेल्या शाळेच्या मावशी हातात कळशी घेऊन आल्या. "गेट उघडंच हाय ओ टीचर."

समोर रस्ता. केएमटीची बस नुकतीच गेली होती.

शिफा कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या बाकावर सापडली. बूट उलटसुलट पायांत, डबा मांडीवर, न उघडलेला. रसवाले म्हणाले, "तुमची पोरगी हाय व्हय? अम्मी भाईर बसलीया म्हणती, तिच्यासंगं जेवणार हाय. एकटीच निघालती. म्हटलं, बस हितंच."

परत येताना पाटील टीचर म्हणाल्या, "आई कधी येणार तेवढंच सांगायचं. आधी डबा, मग गाणी, मग आई. रडू दे की तोवर. आणि आता तिच्या आईला तूच सांगायचं."

शाळा सुटताना अम्मी आली. मी गेटवर सगळं सांगितलं. शिव्या बसतील असं वाटलं होतं, बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खाली बघत म्हणाली, "मीबी रोज तिला फसवूनच जाते की. तुमाला काय बोलू?"

मी वर्गात आले. "शिफा, चल. अम्मी आली."

ती उठली नाही. डबा धरून माझ्याकडं बघत राहिली. पुन्हा सांगितलं. तरी नाही. शेवटी पाटील टीचर आल्या, त्यांनी तेच शब्द म्हटले, आणि ती पळत गेली. उरलेला महिना तिला घरी पाठवायचं काम त्यांनीच केलं. माझ्या शब्दावर ती एकदाही उठली नाही.

महिना संपल्यावर निरीक्षण वही हातात आली. तिसऱ्या दिवसाचा शेरा होता: 'रडणारे मूल कौशल्याने शांत केले.' मी पास झाले. आज माझ्या स्वतःच्या वर्गात पहिला आठवडाभर इतका कालवा असतो की शेजारच्या टीचर दार लावून घेतात. मी कुणालाही गप्प करत नाही.