प्रदर्शनातला पाणाड्या

लातूर नवाच जिल्हा झाला होता, त्यामुळे जे जे जिल्ह्याच्या गावी असतं ते ते सगळं आम्हाला हवं होतं. त्यात एक कलादालनही आलं. दुष्काळाचा उन्हाळा, दिवसा रस्त्यावर कुत्रं फिरकत नव्हतं, म्हणून मुंबईच्या एका चित्रकाराचं प्रदर्शन रात्री बारापर्यंत उघडं ठेवलं होतं. मी नव्या कचेरीत कारकून. साहेबांनी सगळ्यांना हजर राहायला सांगितलं होतं, आणि नेमके त्याच दिवशी लोह्याहून मामा आले. त्यांनाही नेलं.

मामा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचे. जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. किल्लारीजवळच्या आमच्या शेतात त्यांनी दाखवलेल्या दोन्ही बोअरमधून नुसता फुफाटा निघाला होता. तरी आईचा भावावर विश्वास. दुसऱ्या दिवशी ते तिसरी जागा दाखवणार होते आणि मागोमाग बोअरचं मशीन येणार होतं. माझं डोकं आधीच सटकलेलं होतं.

दालनात चित्र एकही नव्हतं. फरशीवर भेगाळलेली काळी माती पसरली होती आणि लोक कडेनं हाताची घडी घालून ती बघत होते. तसली माती आमच्याकडे दहा एकर होती, ती बघायला कुणी येत नव्हतं. मामांनी चपला काढल्या, उद्घाटनाचा न फोडलेला नारळ समईजवळून उचलला आणि सरळ मातीत उतरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांना मात्र हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. साहेब खुर्चीवरून उठून पुढे आले. मामा या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा चालले. नारळ आडवाच.

"न्हाई पानी इथं," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. चित्रकारानं त्यांना मिठी मारली.

पाणी नाही, हे मामांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. घरी परतताना विचारलं, "मामा, आमच्या शेतात नारळ उभा राहिला होता का?"

मामा खाली वाकून पायाला लागलेली काळी माती झाडू लागले.

"न्हाई," म्हणाले. "पन तुझी माय म्होरं उभी होती रं."

राग कुणावर काढायचा तेच मला कळेना. सकाळी मशीनवाल्याला येऊ नको म्हणून सांगून आलो. आईला काय सांगायचं, ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही.