कोऱ्या पानावरचा अंगठा

सकाळी सातला फोन वाजला की न बघता कळतं, बराकपूरहून कर्नलसाहेबांचा आहे.

"पोरी, फोटोतल्या त्या तिसऱ्या गड्याच्या मिशा कुणी छाटल्या?"

"छाटल्या नाहीत साहेब. फोटोच तिथे फाटलाय."

"मग जोड की."

कर्नलसाहेब बंगाली आहेत, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मराठी जवानांच्या पलटणीत काढली. मराठी ते साताऱ्याकडच्या जवानांकडून शिकले, तेही लढाईच्या खंदकात बसून. छप्पन्न वर्षांच्या बाईला 'पोरी' म्हणणारा माणूस आता माझ्या आयुष्यात तेवढा एकच उरलाय. एकाहत्तरच्या लढाईत ते नुकते भरती झालेले अधिकारी होते. आता पलटणीचा युद्धेतिहास छापायचाय आणि त्या समितीचे तेच सर्वेसर्वा. मराठी मजकूर तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी पलटणीच्या हवालदार क्लार्कची मुलगी, आणि कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत भाषांतरंच करते. वर्षभर मी मिशा, स्वल्पविराम आणि पदकांच्या फितींचे रंग यांनी कावून गेले आहे. एका पानावरचे आठ 'शूर' मी खोडले की दुसऱ्या दिवशी नऊ येतात.

पण मागच्या पावसाळ्यात एके सकाळी त्यांनी वेगळंच विचारलं.

"तुझ्या बापाची वही बघतोय. एक्केचाळिसावं पान मोकळं कसं गं? खाली अंगठा हाय, वर काय बी न्हाई."

"शाई उडाली असेल."

"एकाच पानाची?"

"माझी बस आली," म्हणून मी फोन ठेवला. बस कुठली यायला, मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते.

ते पान कोरं का आहे हे फक्त मला माहीत आहे. चाळीस वर्षं माहीत आहे.

बाबा पलटणीतून निवृत्त होऊन कोलकात्यात बँकेत लागले. त्यानंतर दर डिसेंबरात त्यांचे जुने सोबती गावाकडून हावड्याला उतरत, आमच्या दोन खोल्यांत मुक्काम करत आणि मग सीमेजवळच्या स्मारकाला फुलं वाहायला जात. आठ-दहा माणसं, त्यांच्या वळकट्या, गॅलरीत विड्यांचा धूर, न्हाणीघरासमोर रांग. आई परातीच्या परात कणीक मळायची. शेंगदाण्याच्या चटणीचे डबे उघडून ते बसायचे आणि म्हणायचे, "वहिनी, ह्या गावात वाऱ्याला बी माशाचा वास." दर वर्षी हेच वाक्य, दर वर्षी तोच हशा. माझ्या सहामाही परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत यायच्या. मला ती माणसं आवडत नव्हती. हेही कधी कुणाला सांगितलेलं नाही.

बाबांनी एक वही घातली होती. आलेल्या प्रत्येकाने आपल्या वाट्याची लढाई सांगायची. ती त्याच्याच शब्दांत लिहायची. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याला वाचून दाखवायची. तो 'बरोबर' म्हणाला की खाली सही आणि अंगठा, दोन्ही. ज्याला सही जमत नाही त्याचा नुसता अंगठा. "वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही," हा बाबांचा नियम. त्यांचं अक्षर वाकडं आणि माझं वळणदार, म्हणून आठवीपासून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी सोळा वर्षांची असताना त्या घोळक्यात एक नवा माणूस आला. लढाईत त्याचे डोळे गेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा. एका दुपारी बाकीचे सगळे बाबांबरोबर कालीघाटला गेले आणि तो मागे राहिला. बाबा जाताना मला म्हणाले, "यांचं लिहून घे नीट. एवढ्याचसाठी ते इतक्या लांब आलेत."

आणि त्याच दुपारी फुटबॉलची मॅच होती, शहरातल्या दोन मोठ्या क्लबांची. समोरच्या घरात रेडिओ लावला होता. मी फुटबॉलवेडी होते. कोलकात्यात वाढलेल्या मुलीने आणखी काय व्हावं?

तो खुर्चीत ताठ बसून सांगू लागला. मनात पुष्कळ वेळा घोकलेलं असावं. पहाटेचं धुकं होतं. तो आपल्या कंपनीच्या फोनवर होता. तोफगोळ्यांनी फोनची तार तुटली. तार जोडणारा जवान, त्याला सगळे लाईनमन म्हणत, सुभेदारांच्या हुकमावरून एकटा तार हातात धरून उघड्या शेतातून मागे गेला. बऱ्याच वेळाने फोनमध्ये जीव आला आणि लाईनमनचा आवाज आला, "लागली का?" हा म्हणाला, "लागली." तेवढ्यात फोनमधूनच स्फोटाचा आवाज आला आणि त्याचं बोलणं तुटलं. तार मात्र थोडा वेळ चालू राहिली. त्यावरूनच याने तोफखान्याला निरोप दिला. मग एक गोळा याच्याच खंदकाजवळ पडला आणि डोळे गेले. सहा महिने इस्पितळात. त्याला कुणी काही विचारलं नाही. लाईनमन बेपत्ता म्हणून लागला होता, हे त्याला पुष्कळ उशिरा कळलं.

"लिहिलं का, बाळ?" दर दोन वाक्यांनी तो विचारायचा.

"हो काका."

मी लिहीत नव्हते. माझा एक कान समोरच्या खिडकीकडे होता. पेनाचं टोपण न काढता मी ते कागदावर खरडत होते, त्याला आवाज यावा म्हणून. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण 'लक्ष नव्हतं' असं म्हणून मला सुटता येणार नाही. मी आवाज काढत होते.

मग वाचून दाखवायची वेळ आली. मी वही समोर धरली आणि कोऱ्या पानावरून, आठवलं तसं, घडाघडा 'वाचलं'. तो मान हलवत ऐकत होता.

"बरोबर. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई."

मी त्याचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि पानाच्या तळाशी उमटवला.

संध्याकाळी लिहू, असं ठरवलं होतं. संध्याकाळी आपला क्लब हरल्याचं दुःख होतं. दुसऱ्या दिवशी ते सगळे गेले. मग परीक्षा. फाल्गुनात गावाहून पत्र आलं की तो वारला, आणि त्यानंतर वही उघडायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या डिसेंबरात बाबांनी वही माझ्याकडे दिली नाही. त्यांच्या वाकड्या अक्षरात स्वतःच लिहीत बसले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तेही आता नाहीत आणि वही पलटणीकडे गेली.

समितीने नियम केलाय की ज्याच्या मरणाची लेखी साक्ष आहे त्याचंच नाव हुतात्म्यांच्या पानावर जाईल. बाकीचे बेपत्तांच्या पानावर. शिवाय माझा नंबर कर्नलसाहेब ज्याला त्याला देतात. त्यामुळे एके दिवशी लाईनमनच्या मुलीचा फोन आला. ती वडील लढाईवर असतानाच जन्मली. गावात अंगणवाडी चालवते.

"ताई, गावात अजून चेष्टा करत्यात. म्हणं तिकडंच राह्यला, दुसरं लगीन केलं, मासं खातोय. आईनं आयुष्यभर ऐकलं. ती आता थकलीया. तिच्या देखत नाव तेवढं त्या पानावर जाऊ द्या. कुणीतरी बघितलं असंल की हो?"

"बघते मी," मी म्हणाले. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढल्यावर हे दोन शब्द आपोआप येतात. फोन ठेवला आणि स्वतःचा इतका संताप आला की हातातला कप आपटून ठेवला. कान तुटला त्याचा.

पुढच्या रविवारी सियालदाहून लोकल पकडली आणि बराकपूरला गेले. कर्नलसाहेब व्हरांड्यात टेबलभर कागद पसरून बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टोपण न काढलेलं पेन, मॅच, अंगठा, सगळं. ते ऐकत राहिले. मग ड्रॉवर उघडून एक जुनं शाईचं पेन काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"ल्ही."

"काय?"

"वर मोकळंच हाय की. अंगठा खरा, बोलणं खरं, अक्षर बी तुझंच. मधलं तेवढं भर."

मी कशासाठी गेले होते? रागावून घ्यायला. या माणसाने माझी खरडपट्टी काढावी म्हणून रेल्वेत तासभर मनाची तयारी केली होती. आणि हा मला पेन देतो.

"तुम्ही मला ओरडा तरी, साहेब."

"वरडून काय हुतंय? समितीत सगळी म्हातारी खोडं. त्यांना कागूद लागतो. तू आज तोंडी सांगितलंस तर म्हणतील, बाईला चाळीस वर्षांनी स्वप्न पडलं. तुझं मन हलकं हुईल गं. त्या म्हातारीचं काय?"

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. मी पेन उघडलं. वही ओढली. पहिला शब्द काय लिहायचा? त्याच्याच शब्दांत, असा नियम होता. मला गोष्ट आठवत होती, शब्द आठवत नव्हते. 'लागली का' तेवढं पक्कं होतं. बाकी त्या अंगठ्याच्या वर मी माझे शब्द घातले असते, आणि त्या माणसाच्या बाबतीत मी एकदा तसं केलंच होतं.

"मला दुसरा कागद द्या," मी म्हणाले.

"हट्टी हायस. बापासारखी."

मी माझ्या नावाने लिहिलं. काय ऐकलं, त्यातलं काय नक्की आठवतं, काय आठवत नाही, आणि पान कोरं का राहिलं. दीड पान झालं. कर्नलसाहेबांनी चष्मा लावून हात पुढे केला, पण मी कागद दिला नाही. नियमाप्रमाणे वाचून दाखवायचं होतं, आणि ज्यांना दाखवायचं ते बराकपूरला नव्हते. मी गावी फोन लावला. मुलीने स्पीकर चालू करून आईजवळ ठेवला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. टोपणाचं वाक्यही.

मग म्हातारीने विचारलं, "फोनात काय म्हणलं ते? परत सांग."

"'लागली का?' असं म्हणाले."

"आवाज कसा हुता? भ्यालेला?"

"ते काकांनी मला सांगितलं नाही... नाही, काकू. त्यांनी सांगितलं असेल तर मला आठवत नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली.

मुलीने स्पीकर बंद केला. फोन घेऊन ती बाहेर अंगणात आली असावी. कोंबड्यांचा आवाज येत होता.

"माझी आजी नव्वदीची होऊन गेली," ती म्हणाली. "मरस्तोवर येष्टीच्या टायमाला दारात बसायची. तुम्ही तवाच लिवलं असतं तर तिला कळलं असतं."

"हो."

"आंधळ्या माणसाला फसवलं तुम्ही."

"हो."

"कागूद पाठवा," म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने मला फोन केलेला नाही.

कर्नलसाहेबांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. "सही बी आणि अंगठा बी. बापाचा नियम."

परतीच्या लोकलमध्ये अंगठ्याची शाई ओढणीला लागली. ती अजून गेलेली नाही.

समिती दोन बैठका भांडली. एकाने खरंच विचारलं म्हणे, की बाईंना आत्ताच कसं बरं आठवलं. मग कुणीतरी पलटणीची युद्धडायरी पुन्हा काढली. त्या सकाळी तुटलेला फोन थोडा वेळ चालू झाल्याची एका ओळीची नोंद तिच्यात होती. तार कुणी जोडली, ते लिहिलेलं नव्हतं. पन्नास वर्षांत ते कुणी विचारलंही नव्हतं. कागद आणि ओळ शेजारी ठेवल्यावर म्हातारी खोडं कबूल झाली.

परवा सकाळी सातला फोन आला.

"पान छापायला गेलं. नाव हुतात्म्यांत लागलं. खाली तळटीप हाय, त्यात तू न लिवल्याचं हाय. काढू का? कुणाला काय कळत न्हाई."

"राहू द्या. आणि एक्केचाळिसाव्या पानाचा फोटोही घ्या. कोराच."

"मोकळं पान छापायचं? लोक म्हणतील छापखान्याची चूक."

"तळटीप वाचतील मग."

मग म्हणाले, "चूक बी तुझी, हट्ट बी तुझाच. बरं, त्या तिसऱ्या गड्याच्या मिशांचं काय केलंस?"