मातीच्या बुरुजावरून

दिवाळीचा किल्ला करताना आमच्या सोसायटीतल्या मुलांनी एक पुस्तक उघडं ठेवलं होतं, मातीच्या बोटांनी बरबटलेलं. ते लिहिणारे नाना शेजारीच खुर्चीवर बसले होते. मुलांसाठी इतिहासाच्या गोष्टी लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

सातवीतली मुक्ता बुरुजाशी डोळा नेऊन म्हणाली, "नाना, तुमचं चुकलंय. तुम्ही लिहिलंय, पहारेकऱ्याला बुरुजावरून चोरवाट दिसली. पण इथून ती दिसतच नाही!"

मला वाटलं, नाना आता चिडणार. नाना मात्र काठी टाकून मातीत बसले, वाकून बघितलं. "खरंच की गं! चुकलोच मी!"

इतिहास घोकणारी पोरं पुष्कळ. पडताळून बघणारं एखादं घडायला लिहिणाऱ्याचा जन्म जातो. नानांनी ती ओळ खोडली, शेजारी मुक्ताची सही घेतली आणि गड आपणच सर केल्यासारखे हसले.