झोळी किती उंच होती?

डॉ. कुसुम देवरे तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, इंदिरानगरातल्या घरी वारल्या. नाशकात त्या लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. सत्तरच्या दशकात त्या आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत आरोग्यावर लिहीत आणि तो मजकूर आणायला मी रुग्णालयात जात असे.

त्यातली एक दुपार अजून डोळ्यांपुढे तरंगते... निफाडकडचं एक जोडपं तीन महिन्यांची मुलगी घेऊन आलं होतं. सोबत आईची आई. मुलीची मांडी सुजली होती. झोळीतून पडली, असं बाप सांगत होता. आई त्याच्याकडे न बघता मुलीला थोपटत होती.

"झोळी किती उंच होती?" देवरेबाईंनी विचारलं.

आजीने जमिनीपासून वीतभर हात धरला. "एवढीच. मीच बांधली ना. खाली गोधडी बी हाय."

"कुशीवर वळते का?"

"नाय अजून."

बाईंनी चिठ्ठीवर सगळ्या अंगाचा फोटो लिहिला. एक्स-रे काढणारे जोशी कुरकुरले, "बाई, सुजलीय मांडी. फिल्म उरल्यात किती, ठाऊक आहे ना?" आदल्याच आठवड्यात कांद्याच्या गोण्यांवरून पडलेल्या पाच वर्षांच्या मुलीचा बाईंनी फक्त हाताचा फोटो काढला होता. एवढ्याशा जिवाला उगाच किरण नकोत, म्हणाल्या होत्या. त्या मुलीची हकिगत तिच्या हाताशी जुळत होती. इथे जुळत नव्हती, आणि मांडी बांधून ही मुलगी त्याच घरी परत जाणार होती.

फोटो म्हटल्यावर आजीने नातीला नवं झबलं चढवलं, काजळ घातलं, गालावर तीट लावली. जोशी हसले. "आजी, हा हाडांचा फोटो. तीट दिसायची नाही यात."

"नको दिसू दे. दृष्ट तर लागायची नाय!"

डार्करूममध्ये तांबडा दिवा होता. द्रावणात फिल्म हलत होती आणि धुक्यातून काही वर यावं तशा बरगड्या उमटत गेल्या... बारीक, पांढऱ्या, जवळजवळ सुंदर. दोन बरगड्यांवर गाठी होत्या. जोशी कुरकुरायचे थांबले. "ही हाडं आज मोडलेली नाहीत," बाई म्हणाल्या. "मोडून भरत आलीत."

त्यांनी घरच्यांपैकी फक्त आईला आत बोलावलं, जोशी आणि मी दारापाशी सरकलो, आणि बाईंनी ओली फिल्म उजेडापुढे धरली. आईने बरगडीवरच्या गाठीपाशी बोट नेलं.

"मला वाटलं, कुणाला दिसायचंच नाय," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी बापाबद्दल पोलिसांना कळवलं गेलं. बाईंनी मुलीला घरी सोडलं नाही. पाय बरा झाल्यावर मायलेकी आजीकडे, लासलगावला गेल्या. बातमी छापू नका, असं बाईंनी सांगितलं, छापली नाही.

इंदिरानगरातल्या त्यांच्या खोलीत एक्स-रे पाहायची दिव्याची पेटी भिंतीवर आहे. तिच्या कडेला स्टुडिओत काढलेला एक फोटो खोचलेला आहे. चारेक वर्षांची मुलगी, दोन्ही पायांवर उभी, गालावर तीट. मागे पेन्सिलीने लिहिलं आहे : डॉक्टरीनबाई, यात तीट दिसते.

पेटीचा दिवा अजून लागतो.