थंडीत मुकं होणारं फाटक

भंगाराच्या आवारात तिला सगळे ‘बीपबाई’ म्हणत. तोंडावर म्हणायचे ते फक्त ट्रकवाले, बाकीचे पाठीमागे. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं तिला काही वाटत नव्हतं. वय एक्कावन्न, जाड भिंगांचा चष्मा, कानावरून घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि बोलणं इतकं मोजकं की समोरच्याला वाटावं, बाई शब्दसुद्धा आधी काट्यावर चढवते आणि मगच तोंडाबाहेर सोडते.

आवाराच्या तोंडाशी वजनकाटा होता, आणि काट्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन राखाडी खांब, माणसाहून उंच, कपाटाएवढे जाड. त्याला म्हणायचं फाटक, पण उघडायला-मिटायला दार नव्हतं. भंगाराचा प्रत्येक ट्रक या खांबांमधून गोगलगायीच्या चालीनं जायचा. खांबात काचेसारख्या स्वच्छ प्लास्टिकची एक जाड फळी उभी होती. किरणोत्सर्ग फळीवर पडला की तिच्या आत डोळ्याला न दिसणारी ठिणगी उडायची, आणि टोकाला बसवलेलं यंत्र त्या ठिणग्या मोजायचं. भंगारात कधी जुन्या कारखान्यातलं मोजमापाचं उपकरण येतं, कधी दवाखान्यानं टाकून दिलेला एखादा भाग. अशी किरणोत्सर्गी वस्तू शेजारच्या भट्टीत वितळली तर भट्टी, पोलाद, धूर, माणसं, सगळ्यांचंच वाटोळं. म्हणून आकडा वाढला की फाटक ओरडायचं, आणि ते ओरडलं की पुढचं सगळं हिनं निस्तरायचं. एकोणीस वर्षं ती हेच करत होती.

घरी कुणी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पूर्वी ती आणि वडील राहायचे. वडील नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते. धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब गेला, तिकडेच त्यानं संसार मांडला. हिचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणी पाहिलंच नाही, तिनंही नाही. वडील गेल्यावर आतली खोली तिनं धुऊन-पुसून बंद केली. बाहेरच्या खोलीत एकाच माणसाला लागतं तेवढं सगळं होतं. एका रविवारी संध्याकाळी भावाचा फोन आला आणि ‘हॅलो’ म्हणताना घशातून आवाजच फुटेना. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, शुक्रवारी कामाची पाळी संपल्यापासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या, मोजण्याची यंत्रं बनवणाऱ्या माणसांची एक व्यावसायिक संघटना होती, आणि तिचा कारभार पाहणारी अठराजणांची समिती. आधीच्या साहेबांनी निवृत्त होताना हिचा अर्ज भरून दिला, म्हणून ही सभासद झाली. समितीतले सगळे आपापली नोकरी सांभाळून, एक छदामही न घेता हे काम करत. परिषदा भरवायच्या, तपासणीचे नियम लिहायचे, नव्यांना शिकवायचं, लांबून येणाऱ्यांच्या प्रवासाची सोय करायची. हिच्यापर्यंत त्यातलं पोचायचं ते तीन महिन्यांनी येणारं वार्तापत्र. ते ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. कुणाला पदक मिळालं, कोण वारलं, सगळं. त्यातल्या एकालाही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी थंडी एकाएकी पडली. पहिल्याच आठवड्यात सकाळी सातला एक ट्रक फाटकातून गेला. फाटक गप्प. काट्यावर वजन झालं, ट्रक आत गेला. पण वजनाच्या पावतीत घोळ झाला म्हणून काटेवाल्यानं तोच ट्रक, तोच माल, दुपारी दोनला परत बोलावला. या वेळी फाटक असं बोंबललं की काटेवाल्याच्या हातातला चहा पँटवर सांडला.

“ताई, हाच ट्रक सकाळी गेला ना हो?” काटेवाला पँट झटकत म्हणाला.

“हाच.”

“मग सकाळी याला काय झालं होतं? दातखीळ बसली होती?”

मालात खालच्या थराला शिशाच्या जाड वेष्टनातलं एक जुनं उपकरण निघालं, तांब्याएवढं. तिनं ट्रक बाजूला घेतला, कुणी जवळ जाऊ नये म्हणून भोवती दोरी बांधली, संबंधित खात्याला कळवलं. वस्तू सुखरूप गेली. पण संध्याकाळी साहेबांनी बोलावलं.

“सकाळी तुम्ही जागेवर होता का?”

“होते. दिवा हिरवा होता. आकडा नेहमीपेक्षा कमी वाटला, म्हणून मी—”

“यंत्र चुकत नाही, बाई. माणूस चुकतो.” साहेबांनी कागद पुढे सरकवला. ताकीद होती. एकोणीस वर्षांतली पहिली. तिनं सही केली, पेनाचं टोपण लावून पेन साहेबांच्या बाजूला नीट ठेवलं, आणि घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एक वही सुरू केली. यंत्र तपासायला एक छोटी चकती मिळते, जेमतेम किरणोत्सर्गी, बटणाएवढी. खांबावर खडूनं खूण करून ती दर तासाला चकती तिथंच धरायची आणि आकडा लिहायची. सकाळी सातला एकोणीसशे. नऊला चोवीसशे. बाराला एकतीसशे. ऊन वर आलं की फाटकाला कंठ फुटायचा. उबदार दिवशी सकाळी सातलाही एकतीसशेच. अकरा आठवडे तिनं असं लिहिलं. सकाळच्या गाड्या हातातलं मीटर घेऊन स्वतः चहूबाजूंनी फिरून तपासल्या. ट्रकवाले वैतागले. “बीपबाईचा फाटकावरचा विश्वास उडालाय,” म्हणून हसले.

वही साहेबांनी चाळली. नाही म्हणायला त्यांनी फळी काढून प्रयोगशाळेत पाठवली. प्रयोगशाळेच्या गरम खोलीत ती दोन दिवस राहिली, तपासली गेली आणि ‘उत्तम’ असा शेरा घेऊन परत आली.

“आता समाधान?” साहेब म्हणाले.

भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, सोडून दे ना. तुझ्या फाटकाशी जगाला काय घेणंदेणं? निवृत्तीला सात वर्षं राहिलीत, गप काढ.”

“अरे, पण ते खोटं बोलतंय,” ती म्हणाली.

“कोण?”

“फाटक.”

मग भावानं जेवण झालं का विचारलं.

त्या आठवड्यात तिनं समितीला पत्र लिहिलं. वहीची पानं जोडली. उत्तराची आशा नव्हती. पण ज्यांना कळेल अशांना एकदा सांगून टाकावं, एवढंच मनात होतं. दहाव्या दिवशी फोन वाजला. समितीचे चिटणीस. आवाजावरून म्हातारे, आणि बोलताना मध्येच खोकणारे.

“ताई, तुमची वही मी दोनदा वाचली. अक्षर सुरेख आहे हो.” खोकून ते पुढे म्हणाले, “तीन गोष्टी सांगा. उन्हाळ्यात तुमच्याकडे हवा दमट असते का? थंडी एकदम पडली की हळूहळू? आणि खांबाचं झाकण काढून सकाळी सातला फळीकडे कुणी पाहिलंय का?”

पहिल्याचं उत्तर हो होतं, दुसऱ्याचं ‘एकदम’. तिसऱ्याचं नाही. दुपारी पाहिलेली, प्रयोगशाळेत पाहिलेली. सकाळी सातला, तिथंच, कुणी नाही.

पुढच्या थंड सकाळी तिनं यंत्र बंद केलं, झाकण काढलं, उजेड लागू नये म्हणून फळीला गुंडाळलेला काळा कागद बाजूला सारला, बॅटरीचा झोत टाकला. एरवी आरपार दिसणारी फळी दुधासारखी पांढरी झाली होती. आत धुकं दाटलेलं, आणि ते बाहेरून पुसून जाणारं नव्हतं. तिनं सातला फोटो काढला, नऊला काढला, अकराला काढला. अकराच्या फोटोत फळीपलीकडचा खिळासुद्धा स्वच्छ दिसत होता.

चिटणीसांनी उलगडा केला. उन्हाळाभर प्लास्टिक दमट हवेतलं पाणी पिऊन घेतं. एकदम थंडी पडली की ते आतल्या आत बारीक थेंब होऊन बसतं. ठिणगी उडते, पण तिचा उजेड टोकापर्यंत पोचतच नाही. ऊब मिळाली की थेंब विरतात. दोष पाहायला माणूस येईपर्यंत दोष गेलेला असतो.

“हे तुम्हाला माहीत होतं?” तिनं विचारलं.

“शंका होती. आणखी दोन पत्रं आहेत माझ्याकडे, वेगवेगळ्या ठिकाणची. पण त्यांनी नुसतं ‘कधीकधी’ लिहिलंय. तास न् तास लिहिलेलं फक्त तुमचं आहे. बैठकीत दहा मिनिटं बोलाल?”

बैठक संगणकावर होती. तिच्याकडे संगणक नव्हता, म्हणून काटेवाल्यानं आपली खोली दिली आणि दाराबाहेर उभा राहून कुणाला आत येऊ दिलं नाही. पडद्यावर अठरा चौकोन. तिनं लिहून आणलेलं वाचलं. चार मिनिटांत संपलं.

एक गृहस्थ, यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीतले, म्हणाले, “एका खांबावरून नियम बदलायचा? झाकणातून पाणी शिरलं असेल. देखभाल नीट नसेल.”

देखभाल तीच करत होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती काही बोलणार एवढ्यात एक प्राध्यापिका म्हणाल्या, “पाणी शिरलं असतं तर अकराला गेलं नसतं. मी अशीच फळी थंड पेटीत ठेवून पाहिलीय. हेच झालं होतं. मला वाटलं, माझंच चुकलं, म्हणून मी छापलं नाही.” मग तासभर घोडं एकाच ठिकाणी अडलं: ‘तपासावे’ लिहायचं की ‘तपासलेच पाहिजे’. शेवटी बाराजणांनी ‘पाहिजे’च्या बाजूनं हात वर केला.

सूचनापत्र निघायला सात महिने लागले. फाटकाची फळी जागेवरच, थंडीत, सकाळी तपासली पाहिजे, आणि आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला तर हिरवा दिवा लागता कामा नये. तळटीपेत होतं, ‘एका क्षेत्रीय कर्मचाऱ्याच्या नोंदींवरून’. नाव घालू का, असं चिटणीसांनी विचारलं होतं. नाव घातलं तर साहेबांना मिरच्या झोंबतील म्हणून तिनंच नको म्हटलं. समितीनं आवाराच्या मालकांना वेगळं पत्र धाडलं. नव्या, हवाबंद फळ्या आल्या. ताकीदपत्राबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. ते तिच्या फायलीत तसंच राहिलं.

या फळ्या यायच्या आधीच्या थंडीत एक गोष्ट झाली. ती आणखी दोन पत्रं ज्यांची होती, त्यांतला एकजण बंदरावरच्या फाटकावर होता. चिटणीसांनी त्याची आणि हिची फोनवर गाठ घालून दिली. तो रोज सकाळी सव्वासातला आकडा पाठवायचा, ही आपला पाठवायची. ‘इकडे दोन हजार.’ ‘इकडे अठराशे ऐंशी.’ बाकी काही नाही. कधी तो लिहायचा, ‘आज हात गारठले.’ ती लिहायची, ‘मोजे घाला.’ कामावर निघताना ती स्कार्फ बांधता बांधता स्वतःशी गुणगुणायला लागली होती. हे तिला कुणी सांगितलं नाही, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

नव्या फळ्या बसल्यावर आकडा थंडीतही हलेना. पाठवण्यासारखं काही उरलं नाही. दोन आठवड्यांनी तिनं न राहवून लिहिलं, ‘आजही एकतीसशे.’ तीन दिवसांनी उत्तर आलं: ‘माझी बदली झाली. इथं फाटक नाही. तब्येत सांभाळा.’ तिनं ते दोनदा वाचलं. ‘तुम्हीही,’ असं लिहिलं, आणि फोन पिशवीत ठेवला.

पुढच्या वर्षी समितीनं नव्या कर्मचाऱ्यांसाठी वर्ग भरवला आणि एक तास तिला दिला. प्रवासाची, राहण्याची सोय समितीनं केली. चिटणीस स्टेशनवर घ्यायला आले होते, काठी टेकत. फोनवरच्या आवाजाच्या मानानं माणूस फारच छोटा होता.

“तुम्ही उंच आहात हो,” ते म्हणाले. “अक्षरावरून वाटलं नव्हतं.”

ती हसली. खूप दिवसांनी, आवाज होईल इतकं.

वर्गात चौदाजण होते. तिनं आकडे सांगितले, फोटो दाखवले. सातचा फोटो पडद्यावर होता तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. “मॅडम, अकरा आठवडे रोज सकाळी... तेव्हा तुमच्याबरोबर कोण होतं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “हा नऊचा फोटो.”

तास संपल्यावर तिघंचौघं भोवती जमले, वहीची पानं कशी आखायची ते विचारलं. एकानं तिचा नंबर घेतला. चिटणीसांनी जेवायला थांबायचा आग्रह केला, पण तिची गाडी चारची होती. खिडकीजवळची जागा मिळाली. समोरच्या बाईनं विचारलं, “कुठं, लेकीकडे निघालात का?”

“नाही. कामावर,” ती म्हणाली. मग तिला वाटलं, आणखी काहीतरी सांगावं. पण त्या बाईनं डोळे मिटून घेतले होते.